मुअम्मा : खंडणीच्या कुलपाचा इतिहास आणि माझ्या तेवीस मुलाखती

गेल्या दोन वर्षांत अनेक वाचकमित्रांनी विचारले, ‘सर, पोलीस ॲक्शनच्या मुलाखतींचे काय झाले? पुस्तक कधी येणार?’ दरवेळी मी शाळेच्या कामाचे निमित्त पुढे करून वेळ मारून नेली. आज खरे काय ते लिहितो. त्यात माझी चूक आहे आणि ती झाकून ठेवायची असेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी उर्दू आणि मराठी शिकवतो. २०१४ पासून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आसपासच्या गावांत जाऊन, १९४८ च्या सप्टेंबरातले दिवस ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशा वृद्धांशी बोलत आलो. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली ही मुले-मुली मी भेटलो तोवर पंच्याहत्तरी-ऐंशीला पोचली होती. तेवीस जण बोलले. काही मोकळेपणी, काही दार लावून घेऊन. एका खालांनी मला आधी बजावले, ‘नाम नको लिखो बेटा.’ दुसऱ्या दिवशी नातवाकरवी बोलावून घेतले आणि म्हणाल्या, ‘लिख लेव नाम, अब किसका डर.’ मग यंत्र चालू केल्यावर त्यांनी पहिल्याच वाक्यात आपले, वडिलांचे आणि गावाचे नाव सांगितले.

हे सगळे माझ्या लॅपटॉपवर होते. आवाजाच्या फायली, त्यावरून टंकलेली उर्दू-मराठी टिपणे, आणि कोणत्या क्रमांकाची फाईल कोणाची याची यादी. एक प्रत पेनड्राइव्हवर होती. मला वाटे, एवढे पुरेसे आहे.

जून २०२३ मध्ये शाळा उघडताना वार्षिक नियोजन उर्दूत टंकून द्यायचे होते. टंकलेखनाचे माझे सॉफ्टवेअर बंद पडले. नवे विकत घ्यायला पैसे लागत होते, म्हणून मी एका संकेतस्थळावरून त्याचे ‘क्रॅक’ केलेले, म्हणजे कुलूप तोडलेले फुकटचे रूप उतरवून घेतले. सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. विंडोज अपडेट होत असल्यासारखी एक खिडकी पडद्यावर आली. मी चहा घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे लागली होती आणि एकही फाईल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाचा एक मजकूर ठेवलेला होता. त्याचा मतलब असा : तुमच्या फायली सुरक्षित आहेत, फक्त कुलूपबंद आहेत. किल्लीची किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, ४९० डॉलर. खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकट उघडून देऊ.

पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावलेला होता. त्यावरच्या फायलींची तीच गत झाली.

संगणकाला ओलीस ठेवणे

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. चोर फायली घेऊन जात नाही, त्या आपल्याच घरात आपल्याच डोळ्यांसमोर कुलपात घालतो आणि किल्ली विकायला बसतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या सुरक्षेचे काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सर, आधी इंटरनेट तोडा, पेनड्राइव्ह काढा. काही पुसू नका, ते रीडमीसुद्धा नाही. आणि कृपा करून त्यांना मेल करू नका.’ पुढचे काही महिने मी त्याच्याकडून आणि मिळेल ते वाचून हा विषय शिकत गेलो. शिकताना लक्षात आले की हा इतिहास माझ्या उर्दूच्या वर्गापासून फार लांब नाही.

इंग्रजीतला ‘सायफर’, म्हणजे गुप्तलेखन, हा शब्द अरबी ‘सिफ्र’वरून आला. सिफ्र म्हणजे शून्य, आणि ते शून्य अरबांनी हिंदुस्थानाकडून घेतले. ‘अल्गोरिदम’ हा शब्द अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून. आणि ज्या लिखाणाचा अर्थ दडवलेला आहे त्याला अरबीत ‘मुअम्मा’ म्हणत. उर्दूत आपण कोड्याला आजही तोच शब्द वापरतो.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी मुअम्मा उकलण्यावर एक रिसाला लिहिला. कूटलेखन फोडण्याची पद्धत सांगणारे हे उपलब्ध लिखाणांपैकी सर्वांत जुने मानले जाते. त्यांची युक्ती साधी होती. समजा, कोणी प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे चिन्ह लिहिले, अलिफऐवजी चांदणी, लामऐवजी त्रिकोण. वाचणाऱ्याला काही कळणार नाही. पण भाषेत काही अक्षरे जास्त येतात, काही कमी. अल-किंदींनी अरबी मजकुरातली सुमारे साडेतीन हजार अक्षरे मोजून कोणते किती वेळा येते याचा तक्ता केला. सर्वांत जास्त अलिफ, त्याखालोखाल लाम. आता गुप्त मजकुरातली चिन्हे मोजा. जे सर्वांत जास्त ते बहुधा अलिफ. अर्थ लपला तरी सवय लपत नाही.

पहिली खंडणी, १९८९

संगणकावरच्या खंडणीचा पहिला गाजलेला प्रकार डिसेंबर १९८९ मधला. जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क टपालाने पाठवल्या. पत्ते एका संगणक नियतकालिकाच्या वर्गणीदारांचे आणि एड्सविषयीच्या परिषदेला आलेल्यांचे होते. डिस्कवर एड्सची माहिती आहे असे लिहिलेले होते. ती घातल्यावर लगेच काही होत नसे. संगणक सुमारे नव्वद वेळा चालू झाला की मग फोल्डर दिसेनासे होत, फायलींची नावे बदलून अगम्य होत, आणि पडद्यावर मागणी येई : १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा.

पण या कुलपात अल-किंदींच्या काळातलाच दोष होता. फायलींचा आतला मजकूर जसाच्या तसा होता, फक्त नावे बदललेली होती, आणि तीही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, या चिन्हाऐवजी ते. तो तक्ता प्रोग्रॅममध्येच होता. ब्रिटनमधले तज्ज्ञ जिम बेट्स यांनी प्रोग्रॅम उलगडून पाहिला आणि नावे पूर्ववत करणारे साधन काही आठवड्यांत फुकट वाटले. पॉप यांना अटक झाली, पण ब्रिटनच्या न्यायालयात ते मानसिकदृष्ट्या खटल्याला सामोरे जाण्याच्या स्थितीत नाहीत असे ठरले.

चूक कुठे होती? ज्या किल्लीने कुलूप लावले त्याच किल्लीने ते उघडत होते, आणि ती किल्ली दारातच ठेवलेली होती. १९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोटी युंग या दोन संशोधकांनी एका निबंधात इशारा दिला की पुढचा चोर ही चूक करणार नाही. सत्तरच्या दशकात गणितज्ञांनी दोन किल्ल्यांची पद्धत शोधली होती. दाबले की बसणारे कुलूप आठवा. ते कोणीही बंद करू शकतो, उघडायला मात्र मालकाची किल्ली लागते. चोराने आपल्या प्रोग्रॅममध्ये फक्त उघडे कुलूप पाठवायचे आणि किल्ली आपल्या घरी ठेवायची. मग तुम्ही तो प्रोग्रॅम कितीही उलगडून पाहा, किल्ली त्यात नसतेच. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे गणित असे दरोड्याच्या कामी येईल, हे त्या दोघांनी सतरा वर्षे आधी लिहून ठेवले होते. २०१३ च्या सप्टेंबरात ‘क्रिप्टोलॉकर’ नेमके तसेच आले. पनामाच्या टपालपेटीची जागाही तोवर बिटकॉइनने घेतली होती.

माझ्या फायलींना काय झाले

माझ्या लॅपटॉपवर आलेल्या प्रकाराचे नाव ‘स्टॉप’ किंवा ‘डेजाव्हू’. सुरुवातीच्या काही आवृत्त्या फायलींच्या नावापुढे ‘डीजेव्हीयू’ ही अक्षरे जोडत, त्यावरून हे नाव पडले. २०१८ पासून तो फिरतो आहे. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला तो फारसा जात नाही. त्याची शिकार म्हणजे माझ्यासारखे लोक, फुकटचे क्रॅक उतरवणारे विद्यार्थी, शिक्षक, छोटे दुकानदार. म्हणून आपल्याकडे तो इतका आढळतो.

तो काम कसे करतो? आत शिरल्यावर तो आधी आपल्या मालकाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. संपर्क झाला तर खास तुमच्या संगणकासाठी एक कुलूप येते, ज्याची किल्ली फक्त त्या सर्व्हरवर असते. याला ‘ऑनलाइन’ किल्ली म्हणतात. संपर्क झाला नाही तर तो प्रोग्रॅममध्येच ठेवलेले तयार कुलूप वापरतो. ती ‘ऑफलाइन’ किल्ली. ती त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींसाठी एकच असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळे त्यावरच ठरते.

मग तो फायलींमागे लागतो. ‘साल्सा-ट्वेंटी’ नावाची पद्धत वापरून तो किल्लीपासून आकड्यांची एक लांबच लांब माळ तयार करतो आणि फाईलमधल्या प्रत्येक अक्षरात, म्हणजे बाइटमध्ये, माळेतला एकेक आकडा मिसळतो. पहिल्या अलिफमध्ये एक आकडा, दुसऱ्या अलिफमध्ये वेगळा. त्यामुळे दोन अलिफ सारखे दिसतच नाहीत. अल-किंदींचा तक्ता घेऊन बसलात तर सगळी चिन्हे जवळपास सारख्याच वेळा आलेली दिसतील. सवय पुसली गेलेली असते. विंडोज स्वतःहून फायलींच्या जुन्या प्रती ठेवते, त्याही तो पुसतो. मदत देणारी संकेतस्थळे उघडू नयेत अशी व्यवस्था करतो. आणि अनेकदा पासवर्ड चोरणारा एक साथीदारही बरोबर आणतो.

पण त्याला घाई असते. मालक चहा पिऊन परत यायच्या आत हजारो फायली बंद करायच्या असतात. म्हणून तो पूर्ण फाईल बंद करत नाही. फक्त सुरुवातीचे सुमारे दीडशे किलोबाइट. छोटे टिपण तेवढ्यात पूर्ण झाकले जाते. मोठ्या फाईलचे मात्र फक्त तोंड बांधले जाते, बाकीचे शरीर जसेच्या तसे राहते.

कुलपे कशी उघडली गेली

पहिला मार्ग, चोराची चूक. या डेजाव्हूच्याच जुन्या आवृत्त्यांत ती होती. आकड्यांची माळ फाईलच्या पहिल्या पाच बाइटांवर अवलंबून असे, आणि एकाच प्रकारच्या फायलींची सुरुवात बहुधा सारखी असते. म्हणजे अनेक फायलींना एकच माळ. आता एखाद्या फोटोची मूळ प्रत तुमच्याकडे मेलमध्ये वा मित्राच्या फोनमध्ये असेल, तर मूळ आणि कुलूपबंद यांची तुलना करून ती माळ काढता येते आणि तसल्या बाकीच्या फायलींवर चालवता येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीने संशोधक मायकेल गिलेस्पी यांच्या साहाय्याने असे साधन फुकट उपलब्ध केले. १४८ आवृत्त्यांवर ते चालत होते. अक्षर मोजणे नाही, पण तत्त्व अल-किंदींचेच : जिथे पुनरावृत्ती तिथे वाट. मात्र ऑगस्ट २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत चोरांनी ही चूक सुधारली होती.

‘वॉनाक्राय’मध्येही एक फट निघाली. १२ मे २०१७ ला तो सुटला आणि काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पोचला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची कामे अडली. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती, ती अनेकांनी घेतलेली नव्हती. फ्रान्समधल्या संशोधकांना आढळले की काही जुन्या विंडोजवर किल्ली बनवायला वापरलेल्या मूळ संख्या संगणकाच्या स्मृतीत राहून जातात. संगणक बंद केला नसेल, तर त्या वेचून किल्ली पुन्हा घडवता येई. बंद करून चालू केला की संपले.

दुसरा मार्ग, चोराचे घर. क्रिप्टोलॉकर पसरवणारे जाळे २०१४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून उद्ध्वस्त केले. किल्ल्यांचा साठा हाती लागला आणि ऑगस्टमध्ये फायरआय आणि फॉक्स-आयटी या कंपन्यांनी बळींना किल्ल्या फुकट द्यायला सुरुवात केली. ज्यांनी आपल्या कुलूपबंद फायली जपून ठेवल्या होत्या त्यांना त्या परत मिळाल्या. ज्यांनी वैतागून पुसून टाकल्या त्यांना नाही. म्हणून माझा विद्यार्थी म्हणत होता, काही पुसू नका.

तिसरा मार्ग, दुसऱ्याची किल्ली. डेजाव्हूची ऑफलाइन किल्ली सगळ्यांना सारखी असल्याने, एकाने पैसे देऊन मिळवलेली किल्ली संशोधकांपर्यंत पोचली तर ती त्या आवृत्तीच्या इतर बळींनाही लागू पडते. रीडमीमध्ये दिलेल्या ओळखक्रमांकाचा शेवट ‘टी-वन’ असा असेल तर फायलींना ऑफलाइन कुलूप आहे असे समजतात. मी धडधडत्या काळजाने माझा क्रमांक पाहिला. शेवट वेगळा होता. माझे कुलूप फक्त माझे होते.

पैसे द्यावेत का?

४९० डॉलर म्हणजे त्या वेळचे चाळीस हजार रुपये. शिक्षकांच्या खोलीत वर्गणी काढायची गोष्ट निघाली. एक सहकारी म्हणाले, ‘सर, हा तुमचा एकट्याचा माल नाही, समाजाचा आहे, आम्ही देतो.’ त्यांचे हे शब्द मी विसरणार नाही. मी दोन रात्री विचार केला आणि नाही म्हटले. किल्ली मिळेलच याची हमी देणारा जो होता, तो चोरच होता. शिवाय ते पैसे पुढच्या शिकारीचे भांडवल झाले असते. आणि खरे सांगायचे तर लाजही होती. कुलूप तोडलेला चोरीचा माल मीच घरात आणला होता. त्याच्याबरोबर चोर आला. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे पैसे वाचवले आणि आता चोराला द्यायला वर्गणी काढायची?

पैसे देऊनही फायदा नसतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या दारात घडले. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि त्यामुळे आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण ती निव्वळ सोंग होते. फायली परत मिळाव्यात अशी व्यवस्था त्यात मुळी नव्हतीच. मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले. ते शक्य झाले एका योगायोगामुळे. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांची प्रत ठेवत होते, आणि सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. ती एक प्रत घानामधून नायजेरियामार्गे माणसाच्या हाताने इंग्लंडला नेली आणि कंपनी पुन्हा उभी राहिली.

लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या दिलेल्या मला हे वाचून हसू आले. मग लक्षात आले की अल-किंदींच्या रिसाल्याचीही गोष्ट अशीच आहे. बगदादवर काय काय गुजरले हे आपण जाणतो. मुअम्मा उकलण्याचा तो रिसाला इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात टिकून राहिला, आणि दमास्कसच्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये तो छापला. मूळ राहिले नाही, नक्कल राहिली. कोण कुठला कातिब दिव्याच्या उजेडात ती उतरवत बसला, म्हणून मी हे लिहू शकतो. परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोरांवर मी वीस वर्षे ओरडत आलो आहे. नक्कल या शब्दाचा हा दुसरा अर्थ मात्र मी वर्गात कधी नीट सांगितला नव्हता.

अल-किंदींच्या हयातीत त्यांची स्वतःची किताबेही एकदा ओलीस पडली होती. तेराव्या शतकातले इब्न अबी उसैबिया यांनी हकिमांच्या चरित्रांत हा किस्सा दिला आहे. खलिफा मुतवक्किलच्या काळात बनू मूसा या विद्वान भावांनी अल-किंदींविरुद्ध कान भरले. त्यांना मारहाण झाली आणि त्यांचे सगळे ग्रंथालय भावांनी ताब्यात घेतले. पुढे याच भावांकडे असलेल्या एका कालव्याच्या कामात मोठी चूक झाली, तोंड बाकीच्या कालव्यापेक्षा खोल खणले गेले. खलिफाने सनद बिन अली या जाणकाराला तपासायला बोलावले. घाबरलेले भाऊ सनद यांच्याकडे रदबदलीला गेले. सनद म्हणाले, आधी अल-किंदींची किताबे परत करा. किताबे परत गेली आणि ती मिळाल्याचे अल-किंदींच्या हातचे लिखित आणले, तेव्हाच सनद पुढचे बोलले. गेलेली किताबे अशी सहसा परत येत नाहीत. प्रत्येकाला सनद बिन अली भेटत नाही.

मला काय परत मिळाले

माझी टिपणे गेली. प्रत्येक टिपण तीस-चाळीस किलोबाइटचे, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. यादीही गेली. पण आवाजाच्या फायली मोठ्या होत्या. विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे मी त्यांची वेगळी प्रत काढली आणि प्रतीवरच काम केले. जोडलेली चार अक्षरे नावातून काढली, काही फायली दुरुस्तीच्या साधनातून काढल्या, आणि एका संध्याकाळी आवाज सुरू झाला. माझ्या रेकॉर्डिंगच्या हिशेबाने दीडशे किलोबाइट म्हणजे नऊ-दहा सेकंद. प्रत्येक मुलाखतीतले तेवढेच गेले होते.

पण त्याच नऊ-दहा सेकंदांत मी प्रत्येकाला नाव सांगायला लावले होते.

तेवीस आवाज माझ्याकडे होते, आणि कोणता कोणाचा हे सांगणारी यादी नव्हती. बरेचसे मी ओळखत होतो. काहींचा मात्र घोळ झाला. बहुतेक बोलणारे आता हयात नाहीत. म्हणून गेली दोन वर्षे मी फोनमध्ये ते आवाज घेऊन घरोघर फिरतो आहे. ओसरीवर बसून आवाज लावतो. एका घरी म्हातारा मुलगा ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, ‘अब्बा हैं.’ एकोणीस आवाजांना नाव मिळाले. तीन मुलाखतींची पूर्ण प्रत नातवंडांच्या फोनमध्ये सापडली, कारण कधीतरी मी ती व्हॉट्सॲपवर पाठवली होती. चार आवाज अजून बिननावाचे आहेत. म्हणून पुस्तक थांबले आहे.

माझ्यासारखे कोणी यात सापडले असेल तर थोडक्यात सांगतो. आधी इंटरनेट आणि बाहेरच्या डिस्क तोडा. रीडमी आणि कुलूपबंद फायली जपा, त्यांची वेगळी प्रत करा. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर, जे युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केले, रीडमी आणि एक फाईल दाखवून प्रकार ओळखा. तिथे साधन असेल तर ते फुकट असते. आज नसेल तर वर्षाने पुन्हा पाहा. आधी विषाणू काढा, मग फायली उघडा, नाहीतर पुन्हा बंद होतील. सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. ‘ऑनलाइन किल्लीसुद्धा तोडून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या क्रमांकावर वा केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर करा. आणि हे सगळे घडण्याआधी तीन प्रती ठेवा, त्यातली एक संगणकाला न जोडलेली आणि शक्यतो दुसऱ्याच्या घरी. घानातल्या सर्व्हरला वाचवणारी गोष्ट तेवढीच होती.

आता माझ्याकडे तेवीस आवाजांच्या चार प्रती आहेत. एक शाळेच्या कपाटात, एक पुण्याला विद्यार्थ्याकडे, एक घरी, आणि एक त्या त्या घरी, ज्याची त्याच्याकडे. नावांची यादी मी वहीत शाईने लिहिली आहे.

त्या खालांचा आवाज लगेच ओळखू आला. त्या २०१९ मध्ये गेल्या. त्यांची मुलाखत आता ‘…और उस दिन जुमा था’ इथून सुरू होते. त्यांचे नाव वहीत आहे, पुस्तकातही येईल. पण ‘लिख लेव’ म्हणून त्यांनी जे आपल्या तोंडाने सांगितले होते, ते माझ्याजवळ नाही. कुलूपबंद मूळ फाईल मी तशीच ठेवली आहे. दर सहा महिन्यांनी, किल्ली कुठे सापडली का, ते पाहतो.